अण्णांच्या डोक्यामागचा उजेड

२२ मार्च, रविवार
अण्णांचा, म्हणजे आमच्या सासरेबुवांचा, अमृतमहोत्सव १२ एप्रिलला. इथेच, गुरुग्रामला, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये. साडू चिन्मय पुण्याहून मसाज चेअर पाठवतोय. पाठवू दे. पैसे फेकले की खुर्ची कोणीही आणेल. मी काळ्या ग्रॅनाइटवर अण्णांचा चेहरा कोरून घेणार. क्लासी. अण्णा दोन वर्षं आमच्याकडे राहतायत, पण लग्न झाल्यापासून मला एकदाही ‘छान केलंत’ म्हणालेले नाहीत. चिन्मयला नुसतं पार्किंग केल्याबद्दलही म्हणतात. या वेळी मला म्हणावंच लागेल.
करोल बागेतला कोरणारा म्हणाला, फोटोचं बॅकग्राउंड मीच बदलून देतो. नको म्हटलं. आयटीत एवढी वर्षं काय झक मारली? सॉफ्टवेअरचं ट्रायल व्हर्जन घेतलंय. एका संध्याकाळचं काम.

२५ मार्च
अण्णा हसतायत असा जगात एकच फोटो आहे, कोणाच्या तरी लग्नातला. मागे गोलगप्प्यांचा स्टॉल. स्टॉल कापला. बरोबर अण्णांचा डावा कानही गेला. उजवा कॉपी केला, उलटवला, डावीकडे चिकटवला. कोणाच्या बापाला कळणार नाही.
मयुराला कळलं. म्हणाली, पप्पा यार, आजोबांचा एक कान वरच्या मजल्यावर आहे. हल्लीच्या मुलांना रिस्पेक्ट म्हणून नाही.

२९ मार्च
कान खाली घेतला. बॅकग्राउंड पांढरंशुभ्र करून पाठवलं. कोरणाऱ्याचा फोन. मशीन काळ्या दगडावर जिथे पांढरं असेल तिथेच टोचे मारतं म्हणे, म्हणजे अख्खा दगड घासला जाणार. बॅकग्राउंड काला चाहिए, साहब.
मला माहीतच होतं. त्याची परीक्षा घेत होतो.

१ एप्रिल
काळं केलं. पण अण्णा दर रविवारी डाय लावतात. काळ्यावर काळं, केस गायब! नुसता चेहरा अंधारातून बाहेर आलाय. रेवती बघून किंचाळली. मग केस पांढरे केले. ती म्हणाली, हे पाहिलं तर अण्णा आजच घर सोडतील.
बायको टेक्निकल नसली की असं होतं.

३ एप्रिल
जमलं! डोक्यामागे गोल, मंद उजेड टाकला. केस काळेच, तरी उठून दिसतात. शिवाय चेहऱ्यावर एक तेज आलंय. जणू ढगात बसलेत. रेवतीला दाखवलं नाही. सरप्राइज.

४ एप्रिल
कोरणाऱ्याने विचारलं, तारीख टाकायची? बिल्कुल. जन्माची आणि समारंभाची, मध्ये डॅश. चाचरत म्हणाला, दुसरी तारीख तर अजून यायचीय. म्हटलं, सगळं ठरलंय, कॅटररसुद्धा बुक आहे. त्यानंतर त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. कामात गढलेला माणूस.

१२ एप्रिल, दुपार
दगड आला. अप्रतिम! क्लबहाउसच्या दारातच टेबलावर उभा केला. औक्षणाचे पंचाहत्तर दिवे त्याच्यापुढेच मांडले. तरी मोकळं मोकळं वाटत होतं, म्हणून झेंडूचा हार घातला. फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आज शाम छह बजे, अण्णाजी के लिए, सब आइए.
धडाधड हात जोडलेले इमोजी. शर्माजी लिहितात, कल ही लिफ्ट में मिले थे, यक़ीन नहीं होता. मलाही होत नाही. पंचाहत्तरीचे वाटतच नाहीत.

१३ एप्रिल
ऑफिसला सुट्टी टाकली.
काल सगळे आले. पांढऱ्या कपड्यांत. गिफ्ट एकाचंही नाही. गुपचूप खाली बसले. श्रीखंडाला कोणी हात लावेना. मला वाटलं, गोड कमी खातात. मग शर्माजी उठून बोलायला लागले. पोराचं गणित कच्चं होतं, अण्णांनी रोज गच्चीवर बसवून पक्कं केलं. वरच्या मजल्यावरच्या मल्होत्रा आंटी म्हणाल्या, मिस्टर हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा रोज थर्मासमधून चहा आणणारे ते एकटेच. आणि रडायला लागल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.
रेवती अण्णांना देवळातून घेऊन आली होती. अण्णा दारात, दगडाशेजारीच उभे. कधीपासून, देव जाणे. मल्होत्रा आंटींनी वळून पाहिलं आणि जी किंकाळी मारली!
रेवती माझ्याशी बोलत नाहीये. तिचं बरोबर आहे, हे पहिल्यांदाच लिहितोय.
आज सकाळी अण्णांनी खोलीत बोलावलं. डोळे लाल होते. म्हणाले, विक्रांतराव, आपल्यामागे लोक काय बोलतील हे कोणाला ऐकायला मिळत नाही. मला मिळालं. छान केलंत.
पाया पडलो.
मग म्हणाले, दगड टाकू नका, माळ्यावर ठेवा. पुढेमागे लागेलच. फक्त तेव्हा तुम्ही काही करू नका.