बुडाला सूतभर बारीक

आप्पा,

फार उशिरा लिहितोय, रागावू नका. तुम्ही गेलात तेव्हा माझे केस काळे होते, आज मी तुमच्याहून म्हातारा आहे. सिंगापुरात बेडोकला लेकीच्या फ्लॅटवर राहतो. जावई बोटीवर इंजिनियर, घरी कमीच. खाली खाण्याच्या गाळ्यांचं हॉकर सेंटर आहे, तिथे एक जण दिवसभर उकडलेल्या कोंबड्या तोडतो. त्याचा सुरा फळीवर आदळला की माझं उजवं मनगट आपोआप पोटाशी येतं. लेक म्हणते, बाबा, लोक बघतात. तिला मी कधी सांगितलं नाही ते का येतं.

आपल्या बंदुकीच्या दुकानात येणारे इनामदार आठवतात ना तुम्हाला? तीनशे पंधराची रायफल त्यांची, पण त्या काडतुसांचा तुटवडा, म्हणून कुठून तरी तीनशे तीनच्या रिकाम्या पुंगळ्या आणल्या होत्या. तुम्ही म्हणालात, या चालायच्या नाहीत, तोंड मापात येईल, बुडाला सूतभर बारीक आहेत. ते हसले. म्हणाले, "मास्तर, सूतभरानं काय होतंय?" दुसरीकडून पुंगळ्या दाबायचा डाय मिळवून त्यांनी घरीच काडतुसं भरली आणि आपल्याला दाखवायला मुद्दाम ओढ्यावर बोलावलं. मी त्यांच्या डाव्या अंगाला उभा आहे. ते समोरच्या मडक्यावर नेम धरून गाल दस्त्याला टेकवतात. आवाज नेहमीचा नाही, कुणी पत्रा फाडावा तसा. पुंगळी बुडाशी फाटली, आग आणि पितळ मागे आलं. त्यांचा गाल कानापर्यंत उघडला, आतल्या दाढा दिसत होत्या, डोळ्याच्या जागी नुसता लाल चिखल. तुम्ही धोतराचा सोगा फाडून त्यात कोंबलात. त्या फाटक्या तोंडातून ते मला विचारतात, "लागली का रे?" मी सांगितलं, लागली. जीपमध्ये माझ्या मांडीवर डोकं होतं, दवाखान्याच्या अलीकडेच गेले. रक्त गार झाल्यावर चड्डी मांडीला चिकटली होती, ती तुम्ही कात्रीनं कापलीत.

आणि मग काही वर्षांनी ती दुपार. माझं लग्न ठरलेलं. दुकानात मी प्रेसला डाय लावून पुंगळी आत घालतोय. तुम्ही मागून आलात, बाजूचा लोखंडी दांडा उचललात आणि माझ्या मनगटावर घातलात. हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. मी खाली पडलो तरी आणखी एक पाठीत बसला. आई पिठाच्या हातानं धावत आली. "हात मोडलात हो पोराचा," म्हणाली. तुम्ही दांडा जागेवर ठेवलात आणि म्हणालात, "तोंड शाबूत आहे ना?" ती पुंगळी तुम्ही भट्टीत फेकलीत. चूक होती की बरोबर, मला बघूच दिलं नाहीत. लग्नात एका हातानं हार घातला मी. हळदीला तुम्ही तो डाय पुसून, फडक्यात गुंडाळून माझ्या डाव्या हातात दिलात. आहेर म्हणून.

आता नातवाचं. इथलं सक्तीचं लष्कर करून तो ऑस्ट्रेलियात शिकायला गेला. तिथे नेमबाजीच्या क्लबात जातो, जुनी रायफल घेतली. इथे रिकामी पुंगळी खिशात सापडली तरी माणूस गोत्यात येईल, तिथे पोरं स्वयंपाकघरात काडतुसं भरतात. लेकीनं विचारलं, डाय म्हणजे काय. म्हटलं, पोलादी साचा. उडवलेली पुंगळी फुगते, ती त्यात दाबून मापात आणायची, मग नवी टोपी, दारू, गोळी. ती म्हणाली, चकलीच्या सोऱ्यासारखं? मी हो म्हणालो.

बुधवारी त्यानं व्हिडिओ कॉल केला. ओट्यावर प्रेस, शेजारी डायचे दोन डबे. त्याची रायफल सात मिलिमीटर शून्य आठ, खोलीतल्या मित्राची तीनशे आठ. पुंगळ्या एकाच आईच्या लेकी, फरक फक्त गळ्याचा. दोघांच्या पुंगळ्या एकाच वाडग्यात. मित्राच्या फुकटच्या मिळाल्या म्हणून हा त्याही आपल्या मापात दाबणार. मी म्हटलं, गळा जाड राहील, गोळीला सुटायला जागा राहणार नाही. तो हसला, सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "सेम सेम लाह, आजोबा. थोडं स्क्वीझ केलं की झालं." प्रेसमध्ये कोणता डाय आहे, दाखव, म्हटलं. त्यानं फोन जवळ नेला.

आप्पा, मला काय झालं कळलं नाही. म्हटलं, गाढवा, थोबाड फाटेल तुझं, दात वेचायला तुझ्या आईला पाठवू का तिथे? समोर असतास तर हात मोडून ठेवला असता. मी टेबलावर मूठ आपटली, चहाचा कप फुटला, तळहातात काच गेली. पडद्यावर त्याचा चेहरा हळूहळू लहान मुलासारखा झाला. "यू आर मॅड लाह," म्हणाला आणि फोन ठेवला. शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाणार होता. आज रविवारची संध्याकाळ. ना त्याचा मेसेज, ना फोन लागतोय. लेक म्हणते, रुसलाय, बाबा, तुम्ही बोललातच तसं. ती भात लावतेय. मी सारखा फोन उलटा-सुलटा करतोय. डोळे मिटले की दाढा दिसतात, इनामदारांच्या नाही, त्याच्या.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या डायच्या फडक्यात ठेवीन. पण एक सांगून टाकतो. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन्ही डायवर शेवटी शून्य आठच असतं आणि मला तेवढंच दिसलं. त्यानं कोणता डाय लावला होता, मी वाचलंच नव्हतं. चूक होता की बरोबर, मला ठाऊक नाही. तरी ओरडलो.

त्या दुपारी माझ्या हातातली पुंगळी तुम्हाला नीट दिसली होती का, आप्पा? की तुम्हीही नुसते घाबरला होतात? कसंही करून तेवढं कळवा. लवकर कळवा.