मेडिकल अनफिट

भिलाई, सेक्टर ६
१६ ऑक्टोबर १९८७

प्रिय कौशल्याताई,

पंचफुलाचा तुझ्या पायांवर माथा. भाऊजींना नमस्कार, लेकराबाळांचे गोड पापे.

इकडे सगळे ठीक. देवानंदची नाईट शिफ्ट सुरू आहे, दिवसा झोपतो, म्हणून घरात हळू बोलावं लागतं. पिंकी पहिलीत गेली, आता माझ्याशीसुद्धा हिंदीतच बोलते. शैला बरी आहे. सुनेला बरं म्हणायची आपल्याकडे रीत नाही, तरी म्हणते. दसऱ्याला सोनं द्यायला बरीच माणसं येऊन गेली, मी आतल्या खोलीत होते. कोजागिरीला मंडळात मला नेलं नाही.

तुझं कार्ड पोचलं. माझ्या डोळ्यांसाठी तू दर सोमवारी अळणी जेवतेस आणि दिवाळीनंतर मला वर्ध्याच्या डॉक्टरकडे न्यायला येणार आहेस.

ताई, मीठ खा.

हे अक्षर कोणाचं म्हणून तू भाऊजींना विचारशील. माझंच आहे. शेजारच्या कलावतीच्या स्वयंपाकघरात दार लावून लिहिते आहे. माझे डोळे गेलेले नाहीत. गेले, असं एक कलावती सोडून सगळ्यांना सांगितलं आहे.

रागावू नको, पुरतं वाच. हे वारले आणि त्यांच्या जागी मला कारखान्याच्या टाइम ऑफिसात, हजेरीच्या कामावर घेतलं, तेव्हा मी पस्तिशीची होते. थोरले दीर म्हणाले, “बाई, आता रडत बसून जमत नाही. तुले म्हातारं व्हाले सवड नाही.” मी डोळे पुसले आणि कामाला लागले.

आपली माय आठव. माझ्याएवढी असताना ती म्हातारी होऊन बसलीसुद्धा होती. वहिनी घरात आली त्या वर्षी तिने चूल सोडली, ओसरीवर बसली आणि म्हणाली, “आता मी थकली. माह्याकडून काई होत नाई.” चांगली दणकट होती, पायलीभर ज्वारी सहज दळली असती. पण विचारायची कोणाची छाती होती? किल्ल्या कमरेला, पहिली गरम भाकर तिला, आणि तिला विचारल्याशिवाय घरात बैल घेतला जात नव्हता की सोयरीक होत नव्हती. बुढी सोंग करते, असं आपण दोघी मागून म्हणायचो. तिला म्हातारपण कोणी दिलं नव्हतं. तिनेच घेतलं होतं.

माझं म्हातारपण मुलाने, देवानंदने ठरवलं. त्याचं लग्न जमवायचं होतं तेव्हा त्यानेच काळी मेंदी आणून दिली, “पाहुण्यायसमोर बुढी नको दिसू, आई.” लग्नानंतरही बेकारच होता. गेल्या वर्षी म्हणाला, “मेंदी बंद कर.” मी मेडिकल अनफिट झाले तर माझ्या जागी त्याला घेतील, क्वार्टरही सुटणार नाही. माझी नोकरी अजून सात वर्षं होती. म्हणे, “डोळ्याचं सोपं आहे. डॉक्टर अक्षरं दाखवंल, तू फक्त दिसत नाही म्हण.”

म्हटलं मी. सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा दिसत होती, तरी म्हटलं. डॉक्टर भला माणूस. “अम्मा, बहुत काम कर लिया, अब आराम करो,” म्हणाला. इतक्या वर्षांत असं मला कोणी म्हटलं नव्हतं. मला रडू फुटलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, डोळ्यांसाठी रडते.

तेव्हापासून मी आंधळी आहे. बाजारात जायचं नाही, दार उघडं असलं तर सुई हातात घ्यायची नाही, रस्त्यात ओळखीचं कोणी दिसलं तर आपण होऊन बोलायचं नाही. कोणी तक्रार केली तर देवानंदची नोकरी जाईल. घरचे तांदूळ मात्र मीच निवडते, आतल्या खोलीत. परवा पिंकीच्या फ्रॉकला बटण लावत होते, तर ती म्हणाली, “दादी, आपको तो दिखता नहीं ना?” शैलाने धावत येऊन फ्रॉक ओढून घेतला. एवढ्याशा पोरीला काय सांगणार?

मला ते टाइम ऑफिस आवडायचं ग. सकाळी गेटमधून माझ्या पायाने आत जायची, दुपारचा चहा माझ्या पैशाचा प्यायची. म्हातारपणाचं भय मला कधीच नव्हतं. मायसारखं आलं असतं तर मीही ओसरीवर बसून हुकूम सोडले असते. मला तरणं राहायलाही घरच्यांनीच लावलं आणि म्हातारंही घरच्यांनीच केलं. चीड येते. रात्रंदिवस येते, आणि ती काढायला घरात जागा नाही, कारण मुलगा पोटचाच आहे.

म्हणून तू येऊ नको. वर्ध्याचा डॉक्टर बसल्या जागी खरं सांगेल, आणि तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तू यावंस, चार दिवस राहावंस, असं फार फार वाटतं. तरी येऊ नको. हे पत्र चुलीत घाल.

उत्तर मात्र पाठव. डोळ्यांची चौकशी कर, देवाची मर्जी म्हणून लिही, दुसरं काही लिहू नको. तुझी पत्रं शैला पिंकीसमोर मला मोठ्याने वाचून दाखवते, आणि मी भिंतीकडे तोंड करून ऐकते.

तुझी आंधळी बहीण,
पंचफुला