शांतावहिनींचं हसणं

मंगळवार, सायंकाळ

गिरणीचा भोंगा अजून कानात आहे. तो थांबला की माझा गिरणीतला दोस्त दामू शाळेतल्या कविता म्हणायचा, मागे त्याची बायको, शांतावहिनी हसायच्या. मी टेप करायचो. गिरणी बंद पडली, दामू सुरतेला गेला. वहिनी आता नाहीत.

सूनबाईनं ते हसणं घरच्या स्टोरेजवर चढवलं. दामूला तिकडून उतरवता यावं म्हणून एफटीपी सुरू केलं. म्हणाली, "बाबा, रुका जरा, फोल्डरची परमिशन बाकी आहे, त्याशिवाय त्यांना आतलं काही दिसणार नाही." मी कसला थांबतोय, लगेच फोन लावला.

"भिया, यहां तो सब खाली है. पुसलंस?" म्हणत दामूनं फोन ठेवला. सूनबाईनं आता परमिशन दिली, पण तो उचलतच नाही. कशाला घाई केली मी? ते हसणं...

दार वाजलं. दामूची इथेच राहणारी लेक, बापाचा फोन आला म्हणून पोलोग्राउंडच्या घरून धापा टाकत आलेली.

"काका, आईचं हसणं सच में गेलं?"