तुझ्या फोनमधली आई

प्रिय रुचे,

अक्षर ओळखून पाकीट तसंच फाडून टाकू नकोस. आईला जाऊन महिना झाला, तरी माझा नंबर तुझ्याकडे ब्लॉकच आहे, म्हणून कागद घेतला. नाहीतर डोंबिवलीत उभं राहून दिवसभर फोन विकणाऱ्या माणसाला पत्रं लिहायची हौस कुठली असायला.

आधी एक कबुली. आपण दोघं वापरतो ते दोन्ही महागडे फोन काउंटरवर ठेवून मी गिऱ्हाइकांना आजवर एकच सांगत आलो, की तुझ्यासारखा फोन नावासाठी घ्यायचा आणि माझ्यासारखा कामासाठी. माझ्याच्या झूममध्ये कोपरी गावाच्या काठावरून खाडीपलीकडची होडी दिसते, बॅटरी दीड दिवस जाते, चार्जिंग अर्ध्या तासात. तुझा संध्याकाळीच मान टाकतो आणि झूमच्या नावाने बोंब. यातलं काहीच खोटं नाही. फक्त तुझा फोन समोर आहे ते दाखवतो आणि माझा बघणाऱ्याला आवडेल ते दाखवतो, एवढं मी कोणाला सांगत नव्हतो.

नारळी पौर्णिमेला तेच तर झालं. आई ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यात वेणी माळून बसली होती. कोणाचा फोटो चांगला येतो ते बघायला आपण दोघांनी एकदमच काढले. माझ्यातल्या आईचे गाल चकचकीत, वय वीस वर्षांनी कमी. तुझ्यातली सावळी, सुरकुतलेली, जराशी अंधारात. माझा फोटो बघून तिने विचारलं, ही कोन रं? मग तुझा बघितला आणि हनुवटीला हात लावून म्हणाली, ही मी. सगळे हसले, मला झोंबलं. तू म्हणालीस, दादा, तू आईकडे बघतच नाहीस, स्क्रीनकडे बघतोस. त्यावर, महिन्यातून एकदा तोंड दाखवणाऱ्या पाहुणीने मला शिकवू नये, असं मी चार माणसांत बोललो. बोलायला नको होतं. तू भरलं ताट सोडून आंबिवलीला आपल्या घरी निघून गेलीस. आईने ते ताट दुसऱ्या दिवसापर्यंत झाकून ठेवलं होतं, हे तुला माहीत नसेल.

दहाव्याला तू बायकांत बसलीस आणि मी समोर येताच पदर सावरून उठलीस. त्याचा मला राग नाही.

आता कशाला लिहिलं ते सांगतो. भिंतीवर लावायला मी आईचा फोटो मोठा करून आणला. रतनमावशी दारातच थांबली आणि म्हणाली, हिचं गोंदण कुठं गेलं? मी फोनमधले सगळे फोटो चाळले. चेहरा उजळ करायची सेटिंग चार वर्षं चालूच होती. तिच्या हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके डाग समजून फोनने प्रत्येक फोटोतून पुसले होते. जुने अल्बम घरात पाणी शिरलं तेव्हाच गेले, आणि आधार कार्डावर तर आईच ओळखू येत नाही. काल हिरवं पेन घेऊन मी फ्रेमच्या काचेवर ठिपके काढले. चुकीच्या जागी आले, एवढं कळलं. बरोबर जागा कुठली, ते आठवेना. बेचाळीस वर्षं तिच्यासोबत एका घरात राहिलो रुचे, आणि मला आठवत नाही. तुझा तो फोटो असेल तर पाठव. मला पाठवायचा नसेल तर मावशीला पाठव. तेही नको वाटलं, तर नुसतं दोन ओळींत कळव, ठिपके उजवीकडे होते की डावीकडे.

तुझाच,
दादा