मुठीवरचा जर्मन शिक्का

बाबा, काल दसरा झाला. तुमचे तलासरीचे दोस्त, आमचे काका, सोनं द्यायला आले. व्हरांड्यात बसून त्यांनी नेहमीसारखी तिन्ही जर्मन रिव्हॉल्व्हरं एकेक करून मांडीवर घेऊन बघितली. मे महिन्यापासून मी या माणसाला चोर समजत होतो. यात थोडा वाटा तुमचाही आहे, कारण माणसाआधी शिक्का बघायचा, हे तुम्हीच शिकवलंत.

तुम्ही गेल्यावर तुमच्या दोन रिव्हॉल्व्हरांचा परवाना माझ्या नावावर झाला. तिसरं मी डहाणू रोडच्या एका बागायतदाराकडून रीतसर कागद करून घेतलं. पण तुमचा जीव होता काकांनी दिलेल्या त्या एकावर. शंभरेक वर्षांपूर्वी जर्मनीतला कुणी शिपाई ते कमरेला लावून फिरायचा, आणि त्याच्या पोलीस दलाची बारीक अक्षरं मुठीमागच्या लोखंडी पट्टीवर ठोकलेली होती. मी लहान आहे, तुम्ही भिंग धरलंय, मी त्या अक्षरांवर बोट फिरवतो आणि तुम्ही हातावर फटका मारता. "घामाचा हात लोखंडाला लावायचा नाही." आपल्या झाई गावच्या खाऱ्या हवेत तुमचं बरोबरच होतं म्हणा. आईला तर तुम्ही कपाटाजवळही येऊ दिलं नाहीत.

मे महिन्यात पोटनिवडणूक आली. निवडणुकीला परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, तशी केली. परत आणल्यावर कितीतरी वर्षांनी भिंग काढलं, तर पट्टी कोरी. अक्षरांचा मागमूस नाही. ठाण्यात विचारलं तर हवालदार म्हणाले, नंबर जुळतो ना, मग झालं. माझ्या मनात आलं, नंबर काय, कुणीही ठोकेल; खरं काढून दुसरंच ठेवलं असणार. आधी ठाण्यावरच संशय घेतला. पण तिथे त्या अक्षरांची किंमत कुणाला? ती कळणारा माणूस एकच. मग सगळं जुनं आठवायला लागलं. दर दसऱ्याला काका पाणी मागतात आणि मी आत जातो, ते का? 'कधी विकायला काढलंस तर मलाच दे,' असं ते एकदा का म्हणाले होते? पुढेपुढे तुमच्यावरही संशय आला. मुळात अक्षरंच बनावट असतील, तुम्हाला ते कळलं असेल आणि दोस्तीपायी तुम्ही गप्प बसला असाल. हे मनात आलं आणि मला तुमचा रागच आला.

दसऱ्याला काकांना तोंडावर विचारायचं, असं ठरवलं. तुमच्या मागे या घरात तुमच्याविषयी बोलणारे ते एकटेच उरलेत, आणि हे विचारल्यावर ते पुन्हा पायरी चढणार नाहीत, हे कळत होतं.

परवा खंडेनवमी होती. दर वर्षी हत्यारं पाटावर काढून ठेवली की मी वाडीत पंपाची, कोयत्यांची पूजा करायला जातो. या वेळी कुंकू विसरलो म्हणून परत फिरलो. आई मागच्या ओट्यावर देवाची भांडी घासत बसली होती, आणि समई-ताम्हनाच्या रांगेत तुमचं रिव्हॉल्व्हर. चिंच, विटेची भुकटी, नारळाची शेंडी. पट्टीवर ती असा जोर लावत होती, जणू तिथला उरलासुरला डाग तिला या वर्षी काढायचाच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाकीची दोन पाटावर तशीच होती.

मी विचारलं, हेच का घासतेस?

"ते होते तोवर हात लावू दिला नाही मला," ती म्हणाली. "आता वर्षातून एकदा तरी त्यांचं काहीतरी हातात येतं."

काल काकांनी मूठ उजेडाकडे वळवली. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. आई चहा ठेवून आत जाईपर्यंत ते थांबले.

"मला केव्हाचं माहीत आहे, दीकरा," ते म्हणाले. "वहिनींना नको बोलू."

हे पत्र तुमच्या कपाटात ठेवता येणार नाही, किल्ली आता आईकडे असते. फाडून टाकीन. पण एक सांगायचं राहिलं. परवा मी ते तिच्या हातून काढून घेतलं नाही. वाटीतली चिंच संपली होती, ती आणून दिली.