ठकी आंघोळीला का जात नाही

१२ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

इकडे सगळे ठीक, एक ठकी सोडून. नऊ वर्षांची घोडी, पण आंघोळ म्हटली की रडारड. बळेच आत ढकललं तर कडी लावत नाही, अंगावर दोन मग ओतून बाहेर. मी बाळ्याला आंघोळ घालत असले की दारात फतकल मारून बसते आणि आम्हाला सारख्या हाका मारते. हे म्हणतात, माझ्यावर गेली, हट्टी. मी म्हणते, यांच्या आत्यावर गेली, नाटकी. खरं कारण भावाचा मत्सर. तिच्या शाळेतल्या बाईंनाही तसंच सांगितलं, त्यांना पटलं. डोकं दुखतं हे तिचं नवं निमित्त. तिच्या कटकटीने हल्ली माझंही चढतं. काल दोन धपाटे घातले.

थंडी फार, म्हणून न्हाणीघराच्या खिडकीला कागद चिकटवलाय. गॅसचा नवा गीझर मात्र झकास. तू नर्स, रोज पोरं बघतेस. काही उपाय असला तर कळव.

तुझी माया आहेच, ती वाढती राहो.
छोटी

१५ डिसेंबर

चि. छोटीस,
अ. आ.

पत्र आत्ता मिळालं. उत्तर तुझ्या भाऊजींच्याच हाती पाठवतेय. आधी गीझर बंद कर, कागद फाड, मग पुढचं वाच.

गेल्या आठवड्यात आमच्या वॉर्डात एक तरुण बाई आणली होती. असंच बंद न्हाणीघर, असाच गीझर. त्या धुराला वास नसतो गं. बाई झोपल्यासारखी दिसत होती.

ठकीला जवळ घेऊन विचार, आत कधी चक्कर आली होती का. तिचं बोलून होईपर्यंत तू तोंड उघडू नकोस. तुझ्या पत्रावरची तारीख पुन्हा पुन्हा बघतेय. मधे तीन दिवस गेलेत.

सगळ्यांना जपा.
ताई

१६ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

सगळे आहोत. गीझरवाला आला होता. धूर बाहेर नेणारा पाइप निसटला होता. त्याने आधी गॅस बंद केला, मग विचारलं, घरात माणसं किती, आणि सगळी ठीक आहेत ना.

ठकीशी बोलले. मागच्या महिन्यात ती आत पडली होती. जाग आली तेव्हा नळ वाहत होता. रांगत बाहेर आली. म्हणून कडी लावत नाही. आम्ही ओ देतो की नाही ते कळावं म्हणून हाका मारते. मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, त्याच दिवशी सांगितलं होतं. तू शिवत होतीस. म्हणालीस, आता हे नवीन काही काढू नकोस.

ताई, मला हे आठवतच नाही. सकाळपासून आठवून बघतेय. आणखी काय काय सांगून झालंय तिचं, कोण जाणे.

रागाव, पण लिहीत राहा.
तुझी छोटी