मी कंट्रोलमध्ये आहे, वन्सं

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातून. कंबर सध्या रुसलेली आहे, पण तुम्हाला न वाकता नमस्कार लिहायला अजून हात धजत नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत? खोकला गेला का? रक्तदाबाची गोळी घेता ना, की जिभेवर ठेवून लेकीची पाठ फिरली की थुंकता? आणि ती काखेजवळची गाठ, जिला तुम्ही वाताची म्हणून तेल चोळताय, तिच्याबद्दल मी या पत्रात अवाक्षर काढणार नाही. तुमच्या लेकीने फोनवर रडत रडत सांगितलं, की आई डॉक्टरकडे यायला तयार नाही, म्हणते या वयात परक्यांपुढे उघडं व्हायचं नाही मला. मी तिला म्हटलं, अगं, तुझ्या आईला समजावणारी मी कोण? लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच मला समजावत आल्यात. तेव्हा तो विषय संपला. मी आपली इकडची खुशाली कळवते.

खुशाली अशी, की माझी गाठ लिंबाएवढी होती ती वाटाण्याएवढी झाली! डॉक्टरणीने पडद्यावर फोटो दाखवला. मला त्यात काय कळणार, काळोखात पांढरे ढग नुसते. पण तिने बोट ठेवून सांगितलं, "हे बघा आजी, तेव्हा एवढी होती, आता एवढीशी." मला इतका आनंद झाला की शेजारी जी बाई उभी होती तिला मी मिठीच मारली. ती फरशी पुसायला आलेली, हातात ओलं फडकं. दोघी भिजलो. तुमचे बंधू कोपऱ्यात उभे राहून चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते. (वन्सं, त्या माणसाने इतक्या महिन्यांत छातीला एकदाही छाती म्हटलेलं नाही. डॉक्टरणीने विचारलं, त्रास कुठल्या बाजूला? तर म्हणाले, "डावीकडचा प्रदेश." ती बिचारी भिंतीवरच्या नकाशाकडे बघायला लागली.)

हे सगळं ट्रायलमध्ये चाललंय बरं का. पहिल्या दिवशी ती उंच डॉक्टरीण मला म्हणाली, "आजी, ट्रायलमध्ये याल का?" आता आपल्याला ट्रायल माहीत ती शिंप्याकडची. मी म्हटलं, "येईन की, पण कापड कुणाचं?" मग तिने शांतपणे बसून सांगितलं. एक औषध आहे सगळ्यांना देतात ते, आणि एक नवी गोळी आहे. काहींना नुसतं जुनं द्यायचं, काहींना जुन्याबरोबर नवी गोळी द्यायची, आणि मधेमधे सगळ्यांचे जास्तीचे फोटो काढून बघायचं, कुणाची गाठ लवकर विरघळते ते. कुणाला काय, हे डॉक्टरसुद्धा ठरवत नाही, मशीन चिठ्ठी काढतं. आणि म्हणाली, "तुम्हाला वाटेल तेव्हा सोडून जाता येईल, कारणही सांगावं लागणार नाही." मी तुमच्या बंधूंकडे पाहिलं. लग्नाच्या वेळी असं मला कुणी सांगितलं नव्हतं. (सोडून गेले नसते हो. पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.)

तर चिठ्ठी निघाली. तिथे एक नर्स आहे, तिचं काम नुसतं प्रश्न विचारायचं. मी तिला प्रश्नवाली म्हणते. ती आली आणि हसत म्हणाली, "आजी, तुम्ही कंट्रोलमध्ये." वन्सं, माझ्या पायाखालची जमीन सरकली. कंट्रोल! तुम्हाला आठवत असेल ना रेशनच्या दुकानातली ती कंट्रोलची साखर? ओली, पिवळट, रॉकेलचा वास मारणारी, आणि तीही रांगेत उन्हात उभं राहून. मला वाटलं, झालं, चांगलं औषध बाकीच्यांना आणि आपल्याला पोत्याच्या तळातलं. तुमचे बंधू तर उठलेच. पिशवी काखेत मारून म्हणाले, "चल, दुसरं दुकान बघू." मी तशीच डॉक्टरणीच्या खोलीत घुसले आणि म्हटलं, "बाई, मी काही टाकाऊ नाही. चार मुलं वाढवलीत मी. मला हलका माल का?"

तिला आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि ती इतकी हसली की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. हसून झाल्यावर मात्र माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आजी, कंट्रोल म्हणजे हलकं नाही. आजवर जे सगळ्यात चांगलं ठरलंय, तेच तुम्हाला मिळतंय. नवं त्याच्याहून बरं आहे का, हे कशावरून कळणार? शेजारी ठेवून बघायला तुम्ही हव्यात." मी म्हटलं, "म्हणजे तराजूत एका बाजूला नवी गोळी आणि दुसऱ्या बाजूला मी?" ती म्हणाली, "अगदी तसंच." वन्सं, जन्मात मला कुणी वजनदार म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी मान ताठ करून जाते. बाहेर बाकावर नव्या गोळीच्या गटातली एक सुईणबाई बसते, आमची दोघींची चुरस लागली. ती म्हणायची माझी गाठ अर्धी झाली, मी म्हणायची आमच्या कंट्रोलची पण झाली. डॉक्टरणीने दटावलं, की ही काय शर्यत आहे का. खरंय तिचं. आता मी म्हणते, नवी गोळी जिंकू दे बाई. मला जुन्याने बरं वाटलंच आहे, पण आपल्या नाती पुढे मोठ्या होतायत. त्यांच्यासाठी जास्त चांगलं निघालं तर ते माझ्याशी ताडूनच निघालं म्हणायचं.

केस गेले, ते कळवायचं राहिलं. डोकं अगदी गुळगुळीत झालं. धाकटा नातू त्यावर हात फिरवून म्हणतो, आजी, तुझा चेंडू झाला. औषधाच्या आठवड्यात पोटात ढवळतं, तोंडाला चव नसते, जिन्याच्या मधल्या पायरीवर बसावं लागतं. ते मी तुमच्यापासून लपवत नाही. पण प्रश्नवाली दर खेपेला विचारते, झोप लागते का, पाय दुखतात का, मन कसं आहे, आणि मी बोलते ते सगळं लिहून घेते! मन कसं आहे म्हणून विचारणारं माणूस भेटल्यावर मी काय गप्प बसते? लग्नापासून सुरुवात केली. (तुम्हीही आहात त्यात. चांगलंच सांगितलंय. बहुतेक.)

आता मधेमधे काढतात त्या मोठ्या फोटोची गंमत. त्यात पालथं झोपायचं, आणि बाकाला बरोबर जागेवर दोन भोकं. ज्याने कुणी तो बाक केला त्याने विचार करून केलाय. मग तो बाक बोगद्यात सरकतो आणि आत असा ठणठणाट, जसा डोक्यावर कुणी पत्र्याचं छप्पर ठोकतंय. हातात एक रबरी चेंडू देतात. मला वाटलं, रक्त घेताना मूठ दाबायला सांगतात तसं असेल, म्हणून मी आपली दाबत राहिले. दरवेळी मशीन बंद, आणि फोटोवाली धावत आत, "काय झालं आजी?" मी म्हणायची, "कुठे काय, छान चाललंय." शेवटी तिने सांगितलं, की घाबरलात तरच दाबायचा. मग नाही दाबला.

ही फोटोवाली बाईच आहे, वन्सं. तिथे त्या वेळी दुसरं कुणी नसतं. साधा फोटो असतो तो दोन पाट्यांत दाबून काढतात, दुखतं थोडं, पण हुं म्हणेपर्यंत सुटका. झगा मी उलटा घातला होता, तिने न हसता सुलटा केला, आणि हात लावण्याआधी स्वतःचे तळवे एकमेकांवर चोळून गरम केले. मी विचारलं, "बाई, दिवसभर हेच बघून तुला कसं वाटतं?" ती म्हणाली, "आजी, मी माणसं बघते कुठे? मी ढग बघते." (मी कुठल्याही विषयावर काही सुचवत नाहीये. फक्त तळवे गरम करते, एवढं सांगितलं.)

बाकी सगळं ठीक. घरातल्या मोठ्यांना नमस्कार सांगा, म्हणजे तुम्हालाच, कारण आपल्याहून मोठं आता उरलंय कोण. भाचीला सांगा, रडू नकोस.

तुमचीच,
वजनदार भावजय

ता. क. येत्या गुरुवारी तो वाटाणा काढून टाकणार आहेत. छोटंसं ऑपरेशन आहे. मी मुळीच घाबरलेली नाही, घरात सगळ्यांना तेच सांगितलंय.

ता. क. दुसरा. वरचं खोटं आहे. मला फार भीती वाटते. तुमचे बंधू माझ्याहून घाबरलेत, त्यांच्यापुढे रडता येत नाही. पहिल्या बाळंतपणात तुम्ही माझ्या उशाशी बसला होतात आणि म्हणाला होतात, "ओरड हवं तेवढं, मी आहे." तेवढंच म्हणायला या. बुधवारीच या.

ता. क. तिसरा. बुधवारीच का, तर फोटोवालीकडे दुपारची वेळ तुमच्या नावाने घेऊन ठेवली आहे. गाठ कसली आहे ते ती बघेल, वाताची निघाली तर दोघी मिळून तेल चोळू. बुधवारी तुमचा हात मी धरते, गुरुवारी माझा तुम्ही धरा. किती वर्षांत आपली गाठ पडली नाही, ती या गाठीच्या निमित्ताने पडू दे.

ता. क. शेवटचा. तिथे वय सांगावं लागलं. मी तुमचं माझ्याहून कमी सांगितलंय. तेव्हा वन्सं, बुधवारचा एक दिवस तुम्ही धाकट्या व्हा, आणि मी सांगते ते मुकाट्याने ऐका.